बारा किलोमीटरचा आवाज

उजनी धरण मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्यात गेलं की करमाळा तालुक्यातल्या काठावरचा शेतकरी मोटार आणि पाइप घेऊन पाण्यामागे निघतो. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण वजा साठ टक्क्यांच्या आसपास उतरलं होतं. टक्केवारी टीव्हीवर कळते. पण कुगावच्या काठाला पाणी किती मागे सरलं, हे गावातल्याच कुणीतरी सांगावं लागतं. कॉलेजच्या रेडिओचं महत्त्व मला इथे दिसतं.

विद्यार्थ्यांनी चालवलेला रेडिओ नवा नाही. १९३६ साली अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात जॉर्ज अब्राहम आणि डेव्हिड बोर्स्ट या विद्यार्थ्यांनी वसतिगृहांत तारा ओढून स्वतःचं केंद्र सुरू केलं. त्याचा श्रोता शेजारच्या खोलीतला होता. आपल्याकडे १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं ठरवलं, २००२ च्या अखेरीस शिक्षणसंस्थांना कम्युनिटी रेडिओ चालवायची परवानगी मिळाली आणि १ फेब्रुवारी २००४ ला चेन्नईच्या अण्णा विद्यापीठातून पहिलं केंद्र बोलू लागलं. पुढे पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ १०७.४ वर आली, बारामतीत विद्या प्रतिष्ठानची ‘वसुंधरा वाहिनी’ ९०.४ वर.

परवाना संस्थेच्या नावावर असतो, माइकसमोर मात्र पोरं बसू शकतात. मनोरा जास्तीत जास्त तीस मीटर, शक्ती शंभर वॅट, टप्पा दहा-बारा किलोमीटर. निम्मा मजकूर तरी स्थानिक लोकांच्या सहभागातून यावा, असा नियम आहे. हा नियम मला फार मोलाचा वाटतो. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. पण वारा, पाणी, पीक, बाजार यांवर बोलायला कुणाची आडकाठी नाही.

बारामतीपासून उजनीच्या काठचं भिगवणच पंचवीस-तीस किलोमीटर. म्हणजे एवढ्या टप्प्याच्या केंद्राचा आवाज उजनीच्या बॅकवॉटरपर्यंत पोचणं कठीण. आणि इथे गरज केवढी! २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण बुडाले. रेडिओने वारा थांबत नाही. पण काठावरच्या प्रत्येक चहाच्या टपरीवर दुपारपासून ‘आज होडी काढू नका’ असं ओळखीच्या आवाजात कानावर पडत राहिलं, तर बोटीत पाय ठेवण्याआधी माणूस थबकतो.

करमाळा, इंदापूर, टेंभुर्णीच्या कॉलेजांत काठावरच्या गावांची मुलं रोज एसटीने येतात. त्यांच्यासाठी संस्थांनी रेडिओ केंद्राचे अर्ज करावेत. कळाशी पुणे जिल्ह्यात, कुगाव सोलापुरात. रस्त्याने जायचं तर मोठा वळसा. काठावरच्या एका मनोऱ्याच्या टप्प्यात मात्र दोन्ही गावं सहज बसतात.