पाटा तुटण्यापूर्वी
१९८२ साली चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. जंगलवाटांचे खड्डे मात्र दोघांच्याही वाट्याला आले. या वाटांवर जुनी जीप जपणाऱ्याने कारागीर निवडताना दुकानाची पाटी नव्हे, कामाची रीत पाहावी. जीपचा सारा भार चारही चाकांजवळच्या पोलादी कमानपाट्यांवर असतो. तुटला तेवढाच पाटा बदलून एखादा मोकळा होतो. जाणता कारागीर दुसऱ्या बाजूच्या कमानीचा बाकही मोजतो, झिजलेले बुश व मधला बोल्ट तपासतो, काढलेले भाग मालकापुढे ठेवतो आणि यू-बोल्ट पुन्हा आवळण्यासाठी काही दिवसांनी गाडी परत बोलावतो. तो चार पैसे अधिक घेईल. पण आलापल्लीपलीकडे भर पावसात पाटा तुटला, तर वाचवलेले ते चार पैसे काय कामाचे?