माणिक आणि कारागिराची ज्योत

मुंबईत अंधेरी पूर्वेचं सीप्झ हे औद्योगिक क्षेत्र 1973 मध्ये इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी उभं राहिलं. आज ते जडजवाहिरासाठीही तितकंच ओळखलं जातं. तिथल्यासारख्या कारखान्यांत मोठ्या प्रमाणावर दागिने घडवण्याच्या एका पद्धतीत खडे सोन्यात नाही, आधी मेणाच्या नमुन्यात बसवतात. त्याभोवती प्लास्टरचा साचा ओततात, भट्टीत मेण वितळून निघून जातं आणि त्या पोकळीत साधारण हजार अंशांचं सोनं शिरतं. खडा मात्र जागचा हलत नाही. साचा हळूहळू निवू द्यावा लागतो, घाईने पाण्यात घातला तर खड्याला तडा जातो. अस्सल माणिक हे सोसतं, कारण ते ॲल्युमिनियम ऑक्साइडचं स्फटिक आहे. त्याचा वितळणबिंदू सुमारे 2,050 अंश सेल्सिअस, काठिण्य 9. लाली येते ती त्यात शिरलेल्या किंचित क्रोमियममुळे.

म्हणूनच माझं मत असं, की माणिकाची पारख रंगावरून करू नये, दागिना घडवताना आणि दुरुस्त करताना खडा टिकतो का, यावरून करावी. यावर कोणी म्हणेल, बाजारातली बहुतेक माणकं तापवलेलीच असतात, मग त्यांना अस्सल का म्हणायचं? तापवल्याने खड्यातल्या रूटाइल या खनिजाच्या सूक्ष्म सुया विरघळतात, निळसर झाक कमी होते. जे बदलतं ते खड्यातलंच असतं आणि बदल टिकतो. 2004 च्या सुमारास बाजारात आलेल्या काच भरलेल्या माणकांचं तसं नाही. हलक्या, भेगाळलेल्या खड्यात शिशाची काच मुरवतात. दहापट भिंगाखाली आत हवेचे गोल बुडबुडे दिसतात, खडा फिरवला की भेगेत निळी चमक उठते. नथीची तुटलेली तार जोडताना लागलेली ज्योत किंवा दागिना उजळण्याचं आम्ल ती काच खराब करतं. लिंबाच्या रसानेही ती झिजते.

काच भरलेल्या माणकाने सामान्य घरात लाल खड्याची हौस स्वस्तात भागते, हा दुसरा आक्षेप मला मोलाचा वाटतो. पण स्वस्तच हवं तर कृत्रिम माणिक आहे. ऑग्युस्त व्हेर्नय यांनी 1902 मध्ये जाहीर केलेल्या पद्धतीने ते आजही बनतं, आणि रचनेने, काठिण्याने ते खाणीतल्या माणकासारखंच असतं. घाटकोपर, मुलुंडच्या सराफाकडे नथ घेताना खडा तापवलेला, काच भरलेला की कृत्रिम, हे पावतीवर लिहून मागावं. पुढे दुरुस्तीला बसणाऱ्या कारागिराला ज्योत पेटवण्याआधी तेवढी एक ओळ पुरते.