घोळणा फुटतो तेव्हा...

आमच्या आजोळी घोळणा फुटणं ही काही नवलाची गोष्ट नव्हती. आजीचा फुटायचा, मामाचा फुटायचा, आईचा फुटतो, आणि सबमिशनच्या आसपास माझाही! ‘उष्णता झाली’ म्हणायचं, डोक्यावर पाणी थापायचं, कांदा हुंगायचा, झालं. पण गेल्या वर्षी चाळिशीतल्या मामाला अर्धांगवायूचा झटका आला. ना बीपी, ना शुगर. मामाच्या ओठांवरचे बारीक लाल ठिपके बघून डॉक्टरांनी नाकाबद्दल विचारलं आणि आजाराचं नाव कळलं : हेरेडिटरी हेमोरेजिक टेलँजिएक्टेशिया, थोडक्यात एचएचटी.

हा रक्तवाहिन्यांचा आनुवंशिक आजार साधारण ५००० माणसांत एकाला असतो. आई किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता ५० टक्के, म्हणजे छापा-काटाच. धमनी आणि शीर यांच्या मध्ये केशवाहिन्यांचं जाळं असतं. या आजारात काही ठिकाणी ते नसतंच, दोन्ही थेट जोडलेल्या. आपल्या भाषेत शॉर्टसर्किट! नाकात असं झालं तर रक्त येतं. फुफ्फुसात झालं तर गुठळी गाळली न जाता मेंदूपर्यंत पोचू शकते. मामाचं तेच झालं.

मग आमचा नंबर. मला वाटलं, डोक्यापासून पायापर्यंत एक एमआरआय काढला की सुटलो. डॉक्टर हसले. प्रत्येक अवयवाला वेगळी तपासणी लागते.

फुफ्फुसासाठी आधी ‘बबल एको’. सलाईनमध्ये किंचित हवा घुसळून ते हाताच्या शिरेत सोडतात आणि हृदयाची सोनोग्राफी करतात. बुडबुडे हृदयाच्या उजव्या भागात येतात आणि फुफ्फुसाच्या जाळ्यात अडकतात. तीनेक ठोक्यांनंतर ते डावीकडे दिसले, तर फुफ्फुसात चोरवाट असण्याची शक्यता. त्याआधीच दिसले तर हृदयाच्या पडद्यात छिद्र असू शकतं. किरणोत्सर्ग शून्य! बुडबुडे दिसले तरच सीटी स्कॅन, कारण चोरवाट कुठे आणि किती जाड, हे तोच सांगतो. साध्या एक्स-रेवर भरवसा नाही, लहान चोरवाटा त्यात निसटतात.

मेंदूसाठी एमआरआय. कॅथेटर घालून केलेली अँजिओग्राफी जास्त बारकावे दाखवते, पण तिच्यात झटक्याचा थोडा धोका असतो, म्हणून ती सरसकट करत नाहीत. यकृतासाठी डॉपलर सोनोग्राफी. तिथे सुई घालून तुकडा काढणं टाळतात, रक्तस्राव होऊ शकतो.

आईचे बुडबुडे डावीकडे आले. सीटीत एक चोरवाट सापडली. जांघेतल्या शिरेतून नळी घालून धातूची कॉइल बसवली आणि ती बंद केली. आईला काही त्रास नव्हता, हे विशेष. माझ्या वेळी मी स्क्रीनकडे बघत ठोके मोजत होते. डावी बाजू काळीच राहिली. पण एवढ्यावर सुटका नाही, ही तपासणी काही वर्षांनी पुन्हा करावी लागते. मामाच्या जनुकातला दोष सापडलाय. तो माझ्यात आहे का, याचा रिपोर्ट अजून यायचाय.

बहुतेकांचा घोळणा साधाच असतो, घाबरू नका. पण रूममेटचा वारंवार फुटत असेल तर कांदा शोधत मेसमध्ये पळू नका. त्याला थोडं पुढे वाकवून बसवा, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरा. आणि मग एक प्रश्न जरूर विचारा, “तुझ्या घरी अजून कुणाला होतं का रे?”