खुंट्यांवर उभं असलेलं शेतघर

इंग्लंडच्या केंट परगण्यात, चिडिंगस्टोन गावाजवळ, बे-लीफ नावाचं एक शेतघर होतं. १९६०च्या दशकात बाउ बीचच्या खोऱ्यात जलाशय बांधायचं ठरलं आणि ही वास्तू त्याच्या आड आली. ती पाडली गेली नाही. एकेक लाकूड सोडवून ती ससेक्समधल्या सिंगलटन इथे, वील्ड अँड डाउनलँड या खुल्या संग्रहालयात नेली आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला पुन्हा उभी केली.

पाचशे वर्षांचं घर असं सुटं कसं झालं? कारण ते मुळात सुटं करूनच उभारलेलं होतं. तेव्हाचे सुतार ओक तोडून, ओला असतानाच तासायचे. वाळलेला ओक हत्याराला दाद देत नाही. मग एकेक चौकट जमिनीवर आडवी मांडून सगळे सांधे जुळवून बघायचे. एका लाकडाला जीभ, दुसऱ्याला खाच आणि दोन्हींतून आरपार ओकचीच खुंटी. खुंटीची भोकं मुद्दाम एका रेषेत ठेवलेली नसत. जिभेतलं भोक किंचित आत सरकवलेलं असे, म्हणजे खुंटी ठोकताच सांधा आपोआप ओढला जाऊन आवळे. प्रत्येक सांध्यावर रोमन आकड्यांसारख्या खुणा कोरायच्या, सगळं सोडवायचं, गाड्यांवर लादायचं आणि घराच्या जागी नेऊन खुणेला खूण लावत उभारायचं. पुढे लाकूड वाळताना पिळवटतं, पण खुंट्यांनी आवळलेले सांधे ते सोसतात. अशा घरांत वाकड्या तुळया दिसतात त्या म्हणूनच, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नसतं.

बे-लीफची रचना ‘वील्डन’ पद्धतीची. मधोमध जमिनीपासून छपरापर्यंत मोकळं दालन, दोन्ही टोकांना दुमजली खोल्या. टोकांचे वरचे मजले दर्शनी बाजूला खालच्या भिंतीपुढे आलेले. मधलं दालन मात्र मागे राहतं. छप्पर एकसलग असल्यामुळे दालनापुढे ओसरीसारखी सावली पडते आणि तिथली पुढची तुळई वक्र टेकूंवर तोललेली असते. मला या घराचा सगळ्यात देखणा भाग हाच वाटतो.

आत शिरलं की समोरासमोर दोन दारं. एका अंगाला पेयं आणि धान्य-भाकरी ठेवायच्या कोठ्या, दुसऱ्या अंगाला दालन. दालनाच्या मध्यभागी जमिनीवरच आगटी; धुराडं नाही. धूर वर चढून कौलांच्या फटींतून बाहेर पडायचा. खिडक्यांना काच नव्हती, उभे लाकडी गज आणि फळ्यांची दारं होती. भिंती कुडाच्या: चौकटीत काठ्या विणून त्यावर माती, गवत आणि शेण यांचं लिंपण. मालकाचं मेज आगटीपलीकडे, कोठ्यांच्या विरुद्धच्या ‘वरच्या’ म्हणजे मानाच्या टोकाला आणि त्याची निजायची खोली त्यामागे, माडीवर. घरात कोण कुठे बसेल, हे भिंतीच ठरवत.

लाकडांची वर्षवलयं मोजून वय काढलं, तर दालन आणि कोठ्यांचा भाग १४०५ ते १४३० मधला, वरच्या टोकाचा १५०५ ते १५१० मधला निघाला. नंतरच्या पिढ्यांनी बहुतेक अशा घरांत धुराडं बांधून आणि दालनात मजला घालून जुनी मोकळी उंची मोडली. तरी आढ्याखालच्या वाशांवर काजळीचा थर शिल्लक राही, आणि अभ्यासकांना मूळ आगटी कुठे होती ते त्यावरून कळतं. बे-लीफ पुन्हा उभारताना नंतरच्या बदलांना वगळून त्याला १५४०च्या सुमाराचं रूप दिलं आहे. मला हे पूर्ण पटत नाही, कारण नंतर राहून गेलेल्या कुटुंबांनी केलेले बदलही घराचाच इतिहास होते. पण मोकळं दालन डोळ्यांनी पाहता यायला दुसरा मार्गही नव्हता.

चित्रांत दिसणारी काळीकुट्ट लाकडं आणि पांढऱ्याशुभ्र भिंती ही बऱ्याच ठिकाणी नंतरची आवड आहे. आग्नेय इंग्लंडमध्ये ओक तसाच सोडत, तो हळूहळू करडा पडे.

अशा घरांच्या जतनातलं एक सुरुवातीचं पाऊलही ससेक्समध्येच पडलं. अॅल्फ्रिस्टनचं, याच पद्धतीचं धर्मगुरूंचं घर नॅशनल ट्रस्टने १८९६ मध्ये दहा पौंडांना घेतलं. ट्रस्टने विकत घेतलेली ती पहिली इमारत. चिचेस्टरच्या बाजूला जाणं झालं, तर सिंगलटनला उतरा आणि बे-लीफच्या सांध्यांवर सुतारांनी कोरलेल्या खुणा शोधून पाहा.