नांव एक, माणसें दोन

इ. स. १८९९ च्या वसंतऋतूंत इंग्लंडांतील एका चोवीस वर्षांच्या तरुणास अभिनंदनाचीं पत्रें येऊं लागलीं. घोडदळांतील नोकरी सोडून हा तरुण नुकताच हिंदुस्थानांतून स्वदेशीं परतला होता. या देशाशीं त्याचा पहिला परिचय फारसा सुखाचा झाला नव्हता. १८९६ सालीं मुंबईच्या ससून डॉकवर उतरतांना त्यानें धक्क्याची लोखंडी कडी धरली, तोंच लाटेबरोबर होडी खालीं गेली आणि त्याचा उजवा खांदा निखळला; तें दुखणें त्यास जन्मभर पुरलें. पुढें बंगळूरच्या छावणींत फावल्या वेळीं त्यानें 'सॅव्हरोला' नांवाची एक कादंबरी लिहिली. अभिनंदनाचीं पत्रें आलीं तेव्हां आपल्या या कृतीचें चीज झालें अशी त्याची साहजिकच समजूत झाली. कांहीं दिवसांनीं उलगडा झाला तो निराळाच. अमेरिकेंत एक कादंबरीकार उदयास आला होता, त्याच्या पुस्तकांवर वाचकांच्या उड्या पडत होत्या, आणि त्याचें नांव होतें विन्स्टन चर्चिल. या तरुणाचेंही नांव तेंच.

हे अमेरिकन चर्चिल इंग्रज चर्चिलहून तीन वर्षांनीं वडील. जन्म १८७१ मध्यें सेंट लुईस येथें, शिक्षण आरमारी विद्यालयांत, पेशा कादंबरीलेखनाचा. १८९९ सालींच निघालेल्या 'रिचर्ड कार्व्हल' या त्यांच्या ऐतिहासिक कादंबरीनें त्यांचें नांव घरोघर पोंचविलें. दोघे गृहस्थ नात्यागोत्याचे नव्हते आणि तोंवर एकमेकांस त्यांनीं पाहिलेंही नव्हतें.

जून महिन्यांत लंडनहून एक पत्र अमेरिकेस गेलें. तें जुन्या शिष्टाचारास अनुसरून तृतीयपुरुषीं लिहिलेलें होतें, त्यामुळें विन्स्टन चर्चिल हे विन्स्टन चर्चिल यांस सादर प्रणाम करून कांहीं निवेदन करीत आहेत, असा त्याचा थाट झाला. एखादा मनुष्य आरशासमोर उभा राहून स्वतःसच दरबारी मुजरा करीत आहे, असें वाचणाऱ्यास वाटावें! मजकूर मात्र व्यवहाराचा होता. दोघांच्या पुस्तकांचा घोटाळा होऊं नये म्हणून इंग्रज चर्चिलनें यापुढें आपल्या ग्रंथांवर घराण्याच्या जोडनांवासह 'विन्स्टन स्पेन्सर चर्चिल' अशी सही करण्याचें कबूल केलें. अमेरिकन चर्चिलचें उत्तर तितकेंच सौजन्याचें आलें: आपणांस दुसरें नांवच नाहीं, असतें तर आपणही तें आनंदानें जोडलें असतें. नांवाच्या या करारांत माघार कोणी घेतली हें पाहण्यासारखें आहे. त्या काळीं साहित्यांत कीर्तिमान् होता तो अमेरिकन. म्हणून नवख्या इंग्रजानें आपलें नांव लांबविलें.

पुढील वर्षाच्या अखेरीस इंग्रज चर्चिल व्याख्यानांच्या दौऱ्यावर अमेरिकेस गेला, आणि बोस्टन शहरीं दोघांची गांठ पडली. एकाचा टपाल दुसऱ्याकडे जाणें, हॉटेलच्या कारकुनानें डोकें खाजविणें, असे प्रकार यथाक्रम झाले असतील हें सांगावयास नकोच. इंग्रज चर्चिल त्यापूर्वीं दोनच महिने पार्लमेंटांत निवडून आला होता. आपण इंग्लंडचा मुख्य प्रधान होणार आहों, तुम्हीही राजकारणांत शिरून अमेरिकेचे अध्यक्ष व्हा म्हणजे मोठी मौज होईल, असें तो आपल्या नामबंधूस म्हणाल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. नामबंधूनें खरोखरच तो मार्ग धरून पाहिला. १९०३ सालीं तो न्यू हॅम्पशायर संस्थानच्या विधिमंडळांत गेला. गव्हर्नरपदासाठीं १९०६ व १९१२ सालीं उभा राहिला आणि दोन्ही वेळां पडला. त्याच्या खेड्यांतील प्रशस्त घरीं अध्यक्ष विल्सन उन्हाळ्यांत राहावयास येत, एवढाच काय तो अध्यक्षपदाशीं त्याचा संबंध आला. पहिल्या महायुद्धानंतर त्यानें कादंबरीलेखन सोडलें, आणि १९४७ च्या मार्च महिन्यांत फ्लॉरिडा प्रांतीं तो वारला. तोंपर्यंत 'विन्स्टन चर्चिल' या नांवाचा अर्थ जगाच्या लेखीं एकच उरला होता. १९५३ सालीं वाङ्मयाचें नोबेल पारितोषिक त्या नांवास मिळालें, तेंही माघार घेणाऱ्या चर्चिलला. त्याच्या ग्रंथांवर नांवाच्या मधोमध जें 'एस्' अक्षर छापलेलें दिसतें, तें १८९९ च्या त्या करारांतलेंच. ज्याच्यासाठीं तें घातलें तो मात्र आतां ग्रंथालयांच्या कपाटांतच भेटतो, आणि तेथेंही हा कोणता चर्चिल हें ग्रंथपालास नांवापुढें जन्ममृत्यूचीं वर्षें लिहूनच सांगावें लागतें.

ग्रंथपालाची ही युक्ति साधी आहे, पण महाराष्ट्रानें तिच्याहून जुनी युक्ति रोजच्या व्यवहारांत ठेविली आहे. स्वतःचें नांव, वडिलांचें नांव आणि आडनांव अशी आपली तिपेडी रचना. एका वर्गांत दोन गोविंद जोशी आले कीं शिक्षक हजेरी घेतांना बापाचें नांव उच्चारतो आणि तंटा मिटतो. मात्र आजोबांचें नांव नातवास ठेवण्याची चाल असल्यामुळें हीच रचना कधीं कधीं नवा चकवा उत्पन्न करते. 'पण लक्षांत कोण घेतो' आणि 'उषःकाल' लिहिणारे हरि नारायण आपटे (१८६४–१९१९), आणि 'न पटणारी गोष्ट' लिहिणारे नारायण हरि आपटे (१८८९–१९७१). दोघेही कादंबरीकार, आडनांव एक, नांवांची नुसती उलटापालट. दुसऱ्याच्या कथेवरून प्रभात कंपनीनें १९३७ सालीं 'कुंकू' हा बोलपट काढला. हे नारायणराव त्या हरिभाऊंचेच चिरंजीव, असा तर्क कित्येक सुशिक्षित घरांतून बिनदिक्कत केला जातो. तर्क आपल्या रीतीस धरून आहे, फक्त तो खरा नाहीं.

हाच तर्क कोसंबी घराण्याविषयीं केला तर बरोबर ठरतो. बौद्ध धर्म व पाली भाषा यांचे पंडित धर्मानंद दामोदर कोसंबी (१८७६–१९४७) यांचेच पुत्र दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६). दोघांचाही जन्म गोमंतकांतला. पुत्र व्यवसायानें गणिती. पण जुन्या नाण्यांचीं वजनें घेतां घेतां प्राचीन इतिहासाकडे वळला, आणि अनुवंशशास्त्रांतही त्याच्या नांवाचें एक सूत्र १९४४ पासून रूढ आहे. मराठींत 'ध. दा.' आणि 'दा. ध.' हा भेद तरी राहतो. इंग्रजी आद्याक्षरें घेतलीं कीं बाप व लेक दोघेही 'डी. डी.'! त्यांतून हार्वर्ड विद्यापीठाच्या प्राच्य ग्रंथमालेनें गंमत केली. तिचा एकेचाळिसावा ग्रंथ (१९५०) म्हणजे पित्यानें तपासून शुद्ध केलेला 'विसुद्धिमग्ग', आणि बेचाळिसावा (१९५७) म्हणजे पुत्रानें वा. वि. गोखले यांच्यासह संपादिलेला 'सुभाषितरत्नकोश'. एकाच कपाटांत, शेजारीं शेजारीं.

ही झाली छापखान्यानंतरची गोष्ट. छापखाना नव्हता, आडनांवें नव्हतीं, ग्रंथ हातानें उतरून घेतले जात होते, त्या काळीं नामसाम्याचा परिणाम केवळ विनोदाचा होत नसे. नामदेवांची कीर्ति चौदाव्या शतकांतली. त्यांच्यामागून सुमारें अडीचशें वर्षांनीं, एकनाथांच्या काळांत, विष्णुदास नामा नांवाचा कवि झाला. यानें मराठींत महाभारत रचलें. नामदेवांच्या नांवानें चालत आलेल्या गाथेंत 'नामा' आणि 'विष्णुदास नामा' अशा दोन्ही मुद्रा आढळतात, आणि दुसऱ्याचे कांहीं अभंग पहिल्याच्या पदरांत पडले असें संशोधकांनीं दाखविलें आहे. बुद्ध्या चोरी कोणीच केली नाहीं. उतरून घेणाऱ्याच्या कानांत मोठें नांव घुमत होतें, एवढेंच.

सर्वांत नवल वाटण्याजोगा प्रकार भास्कराचार्यांचा. भास्कर या नांवाचे विद्वान् आपल्या परंपरेंत पुष्कळ आहेत. ब्रह्मसूत्रांवर भेदाभेदपर भाष्य लिहिणारे एक वेदान्ती भास्कर, 'शिशुपालवध' लिहिणारे महानुभाव कवि भास्करभट्ट बोरीकर, अठराव्या शतकांतले शाक्तपंडित भास्करराय. यांचीं क्षेत्रें निराळीं, म्हणून त्यांची गल्लत सहसा होत नाहीं. परंतु ज्योतिषगणितांत भास्कर म्हटला कीं 'लीलावती'कारच डोळ्यांपुढें येतात. यांच्याविषयीं आपणांस शंकेस जागा नाहीं, कारण त्यांनीं स्वतःच सांगून ठेविलें आहे कीं आपला जन्म शके १०३६ मध्यें (इ. स. १११४) झाला आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं 'सिद्धान्तशिरोमणि' रचला. पित्याचें नांव महेश्वर, हेंही ते सांगतात. शिवाय चाळीसगांवजवळील पाटण येथें त्यांच्या नातवानें, चांगदेवानें, तेराव्या शतकाच्या आरंभीं कोरविलेला शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनीं एकोणिसाव्या शतकांत उजेडांत आणला. त्यांत सबंध वंशावळ आहे. तिच्यांतही वरच्या पिढींत आणखी एक भास्करभट्ट आहेत, ज्यांस भोजराजाकडून 'विद्यापति' ही पदवी मिळाली होती!

असें असतां एक अडचण शिल्लक राहिली. ब्रह्मगुप्ताच्या ग्रंथावर पृथूदकस्वामींनीं नवव्या शतकांत टीका लिहिली, आणि तींत भास्कर नांवाच्या गणित्याचा उल्लेख आहे. बाराव्या शतकांत जन्मलेल्या मनुष्याचें नांव नवव्या शतकांतील टीकाकाराच्या लेखणींत कसें येईल? कोलब्रुक या इंग्रज पंडितानें १८१७ सालीं याकडे लक्ष वेधलें, आणि तीनशें वर्षें आधीं दुसरा कोणी भास्कर होऊन गेला असला पाहिजे, एवढें कळून चुकलें. त्यापलीकडे पुढें शंभर वर्षें फारसें कळलें नाहीं. १९३० सालीं बिभूतिभूषण दत्त यांनीं 'दोन भास्कर' या विषयावर निबंध लिहून या जुन्या भास्कराचे ग्रंथ वेगळे काढून दाखविले: आर्यभटाच्या ग्रंथावरील भाष्य, एक मोठा ज्योतिषग्रंथ आणि त्याचा संक्षेप.

त्याचा काळ ठरला तो त्याच्याच एका आंकड्यावरून. भाष्यांत तो म्हणतो कीं कल्पाच्या आरंभापासून आजवर १,९८,६१,२३,७३० वर्षें लोटलीं. आर्यभटाच्या मानानें कलियुग लागेपर्यंतचीं १,९८,६१,२०,००० वर्षें यांतून वजा केलीं कीं कलीचीं ३,७३० वर्षें उरतात. कलियुगाचा आरंभ ख्रिस्तपूर्व ३१०२ मध्यें धरतात, म्हणून भाष्याचें साल इ. स. ६२९ येतें. अब्जांच्या हिशेबांतून एका माणसाचें अचूक वर्ष हातीं लागावें, ही गणिताचीच किमया.

आणि हा माणूस सामान्य नव्हता. कोणत्याही कोणाची ज्या, कोष्टक न पाहतां काढण्याची त्यानें दिलेली रीत पाहावी. कोणाचे अंश १८० मधून वजा करून बाकीस त्याच अंशांनीं गुणावें. या गुणाकाराची चौपट करून ती वर मांडावी, खालीं ४०,५०० मधून तोच गुणाकार वजा करून मांडावा, आणि भागावें. ३० अंशांस गुणाकार ४,५०० येतो, चौपट १८,०००, खालीं ३६,०००. उत्तर बरोबर अर्धें, जें असावयास पाहिजे तेंच. ९० अंशांस उत्तर बरोबर १. ४५ अंशांस ०.७०५९ येतें, खरें उत्तर ०.७०७१ आहे. शाळेंतील मुलानें पाटीवर करून पाहावें इतकी ही रीत सोपी आहे, आणि ती तेराशें नव्वदांहून अधिक वर्षांपूर्वींच्या पंडिताची आहे.

गंमत अशी कीं आपलें नांव राहावें याची तजवीज त्यानें इतरांहून अधिक केली होती. थोरल्या ग्रंथाचें नांव 'महाभास्करीय', धाकट्याचें 'लघुभास्करीय'. म्हणजे स्वतःचें नांव त्यानें ग्रंथांच्या नांवांतच गोंवून ठेविलें. पण पांचशें वर्षांनीं त्याच नांवाचा अधिक तेजस्वी पुरुष निपजला, आणि 'भास्करीय' म्हणजे अर्थातच त्याचें, असें लोक धरून चालले. विन्स्टन चर्चिल यांस एकमेकांस पत्र तरी लिहितां आलें. या दोघांमध्यें पांच शतकें आडवीं होतीं.

महाभास्करीय हा ग्रंथ परमेश्वराच्या टीकेसह छापून निघाला तो पुण्याच्या आनंदाश्रमांत, १९४५ सालीं. लघुभास्करीय पुढच्याच वर्षीं. आर्यभटावरील मूळ भाष्यास मात्र १९७६ पर्यंत वाट पाहावी लागली. आनंदाश्रम ही संस्था १८८८ मध्यें महादेव चिमणाजी आपटे यांनीं स्थापिली, आणि तिची व्यवस्था त्यांचे पुतणे हरि नारायण आपटे यांनीं अनेक वर्षें पाहिली. १९४५ च्या त्या पुस्तकाचे संपादक बळवंत दत्तात्रेय आपटे. हे आणखी निराळे.