पाहुणे दारात आणि डब्यात जवळा

भिवंडी-ठाणे रस्त्यावरच्या काल्हेरला आता गोदामांचं गाव म्हणून ओळखतात. पण शेजारीच खाडी असल्याने इथल्या आगरी-कोळी घरांत सुक्या मासळीचा डबा असतोच. अचानक पाहुणे आले, की त्यातला जवळा दहा मिनिटांत कामाला येतो.

वाटीभर जवळा आधी चाळून घ्या. त्यात रेती आणि मिशांचा चुरा असतो, आणि रेतीचा एक कण दाताखाली आला तरी सगळी चव गेली. मग मंद आचेवर कोरडाच भाजा. आच वाढवली की तो कडवट होतो. चिमटीत घेतल्यावर कुरकुरीत तुटला, की लगेच ताटलीत काढा. तापल्या तव्यात ठेवला तर करपतो.

गार झाल्यावर हाताने भरडसर चुरा. बारीक कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, मूठभर ओलं खोबरं आणि लिंबू घाला. मीठ शेवटी, चाखूनच, कारण जवळा मुळात खारट असतो. गोव्यात याच धर्तीच्या पदार्थाला किसमूर म्हणतात. चटणी ओलसर हवी असेल तर खोबरं, मिरची, लसूण आधी वाटून घ्या. मग तांदळाच्या भाकरीचे तुकडे त्यात बुडवून खाता येतात. मला मात्र कोरडीच जास्त आवडते.

कांद्याला पाणी सुटतं, म्हणून पाहुणे बसल्यावरच कालवा. आणि कोळंबी, जवळा कुणाला सोसत नाही का, हे आधी नक्की विचारा. अशी अ‍ॅलर्जी जिवावरही बेतू शकते.