लादी गार केली तर बिल कमी होईल का?

नागावात घर किंवा होमस्टे बांधणारे हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात: एसीऐवजी लादीखालून गार पाणी फिरवलं तर? आज तेवढंच बघू.

कल्पना जुनी आहे. कोरियात चुलीचा धूर जमिनीखालून नेऊन खोली उबदार ठेवत. त्याला ‘ओंडोल’ म्हणतात. आता लादीखालच्या काँक्रीटमध्ये प्लास्टिकचे पाइप टाकतात. थंड देशात त्यातून कोमट पाणी सोडतात, आपल्याकडे गार.

यातली खरी गंमत वेळेची आहे. काँक्रीट थंडावा साठवून ठेवतं. बारा बाय बारा फुटांची खोली घ्या, खाली 10 सेंटिमीटर काँक्रीट. वजन झालं साधारण 3 टन. ते 3 अंशांनी गार केलं, तर एक टनाचा एसी पूर्ण जोराने 40 मिनिटं चालवल्याइतका थंडावा जमा होतो. हे काम दुपारी, छतावरच्या सोलरवर उरकता येतं. केंद्राच्या 2023च्या वीज नियमांत सौर तासांचा दर नेहमीपेक्षा किमान 20 टक्के कमी ठेवायला सांगितलंय, आणि जास्त मागणीच्या तासांचा चढा. म्हणजे वीज तेवढीच लागली, तरी ती कधी लागली यावर पैसे ठरतात.

हे चालतं का? इन्फोसिसने हैदराबादजवळ पोचारमला एकाच इमारतीचे दोन सारखे भाग केले. एकात नेहमीचं एसी, दुसऱ्यात स्लॅबमधून गार पाणी. पहिल्या दोन वर्षांत दुसऱ्या भागाला सुमारे एक तृतीयांश वीज कमी लागली.

मग नागावात अडतं कुठे? दमटपणात. फ्रिजमधली बाटली बाहेर काढली की तिला घाम येतो ना, तसंच. समजा मे महिन्यात हवा 32 अंश आणि आर्द्रता 75 टक्के आहे. अशा हवेत 27 अंशांखालच्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरतं. लादी 22 अंशांवर नेली, की ती निसरडी झालीच! पोचारमलाही आत येणारी हवा आधी कोरडी करावी लागते. म्हणजे दारं-खिडक्या बंद, आणि हवा कोरडी करणारं यंत्र वेगळं. समुद्राचा वारा आत घेणाऱ्या ओटी-पडवीच्या घराला हे परवडणारं नाही.

आता एक बघा. आपल्या घरात ही सिस्टीम आधीच आहे, फक्त उलटी! डोक्यावरचा आरसीसी स्लॅब दुपारचं ऊन साठवतो आणि रात्री आपल्या अंगावर सोडतो. कौलारू घर संध्याकाळी लवकर निवतं, ते कौलं हलकी असतात म्हणून.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी स्लॅबवर सावली किंवा पांढरा रंग. मग पंखा आणि वारा. एसी लागणारच असेल, तर एकच खोली नीट बंद करा आणि ती दुपारच्या सोलरवर आधीच गार करून ठेवा. लादीतले पाइप त्यानंतर. एकदा काँक्रीटमध्ये गेले की ते काढता येत नाहीत, म्हणून हा हिशेब पाया खणण्याआधी करायचा.